तुझा काय संबंध?

पहिल्या वर्षाची गोष्ट. तारीख १८ डिसेंबर २०२२, वार रविवार. रविवारी रात्री मेस बंद, त्यामुळे अर्धं हॉस्टेल वडापाव हातात घेऊनच टीव्ही रूममध्ये घुसलेलं. वर्ल्ड कपची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. ॲडमिशन होऊन जेमतेम महिना झाला होता, म्हणून मी सगळ्यात मागे दाराला टेकून उभा. अंगात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टी-शर्ट, ठाणे स्टेशनबाहेर दीडशे रुपयांत घेतलेला. ३-३ अशी बरोबरी झाली, पेनल्टी सुरू झाल्या, अर्जेंटिना ४-२ ने जिंकली आणि मी जो काही ओरडलो की पुढची सगळी डोकी मागे वळली!

एका सिनियरने विचारलं, "कुठला रे तू?"

"जव्हार. वावर गाव."

"मग अर्जेंटिनाशी तुझा काय संबंध?"

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? पण खोलीवर गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. विचारणाऱ्याच्या अंगातसुद्धा मेस्सीचाच टी-शर्ट होता, आणि तो काही ब्यूनस आयर्सचा नव्हता. तो शहरातला होता, एवढंच. त्याला कुणी संबंध विचारला नाही, मला विचारला. असं का?

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या रिपोर्टपेक्षा जास्त वाचन या एका प्रश्नावर झालंय, हे आमच्या गाइड सरांनी कृपया वाचू नये! पण त्या वाचनातून हा लेख तयार झाला. विषय आहे स्वतःच्या टीमसाठी परदेशात जाणारे फुटबॉलचे प्रेक्षक. ते असतात कोण, कुठल्या थरातून येतात, आणि परमुलखात गेल्यावर त्यांची ओळख कोण ठरवतं?

गाव सोडलं की नाव बदलतं

आधी थोडं माझ्या गावाबद्दल. आमच्याकडे फुटबॉल फारसा नाही. उन्हाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात. प्रत्येक पाड्याची टीम असते आणि मॅच दुसऱ्या गावात असली की टेम्पोत टीमपेक्षा ओरडणारेच जास्त. आमच्या पाड्यावर असतो तेव्हा मला माझ्या नावाने ओळखतात. शेजारच्या गावात मॅच असली की मी "त्या पाड्याचा". जव्हारला बाजारात गेलो की "वावरचा". कॉलेजात आलो की "जव्हारचा" किंवा नुसताच "आदिवासी". उद्या नोकरीला परदेशात गेलो तर तिथे मी फक्त "इंडियन". माणूस तोच, पण जितका लांब जाईल तितकी लोकांनी लावलेली पाटी मोठी होत जाते आणि मूळ माणूस लहान!

ही पाटी नेहमी आपल्या मनासारखी नसते. १९९२ मध्ये वावर-वांगणी भागात कुपोषणाने लहान मुलं दगावली आणि आमच्या गावाचं नाव देशभरच्या पेपरात आलं. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. तरी आजही वयस्कर माणसाला गावाचं नाव सांगितलं की आधी तेच आठवतं. आमच्या भागात दिवाळीनंतर घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर कामाला जातात. त्याला आमच्याकडे एक शब्द आहे, "जगायला जाणे". शेजारी कुठे दिसत नाहीत असं विचारलं तर उत्तर मिळतं, "जगायला गेलेत." फिरायला नाही, मॅच बघायला नाही, जगायला. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कतारमध्ये परत लागेल.

परदेशी जाणारे ते कोण?

आता इंग्लंडकडे वळू, कारण परदेशी जाणाऱ्या फुटबॉल प्रेक्षकांचा अभ्यास सुरुवातीला तिथेच मोठ्या प्रमाणावर झाला. आणि तो कौतुकापोटी झाला नाही, भीतीपोटी झाला! १९७०-८० च्या काळात इंग्लिश प्रेक्षक युरोपात गेले की मारामाऱ्या ठरलेल्या. लीस्टर विद्यापीठातले जॉन विल्यम्स, एरिक डनिंग आणि पॅट्रिक मर्फी यांनी १९८२ च्या स्पेनमधल्या वर्ल्ड कपसह काही दौऱ्यांत या प्रेक्षकांचा जवळून अभ्यास केला आणि १९८४ मध्ये 'हूलिगन्स अब्रॉड' हे पुस्तक काढलं. त्यांचा भर होता सामाजिक थरावर. मारामारी करणारे तरुण प्रामुख्याने कामगार वर्गाच्या तळातले, आणि "आपला एरिया" सांभाळण्याचं जे संस्कार गल्लीत झाले तेच ते परदेशी घेऊन जातात, असं त्यांचं साधारण म्हणणं.

पुढच्याच वर्षी, २९ मे १९८५ रोजी, ब्रुसेल्सच्या हायसेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या फायनलआधी लिव्हरपूलचे प्रेक्षक चाल करून गेले, चेंगराचेंगरी झाली, भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. त्यात बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांवर युरोपात खेळायला पाच वर्षं बंदी आली, लिव्हरपूलला सहा. २००० मध्ये ब्रिटनने कायदा कडक केला. कोर्टाने बंदी घातलेल्या प्रेक्षकाला इंग्लंडच्या परदेशातल्या मॅचच्या वेळी पासपोर्ट पोलिसांकडे जमा करावा लागू लागला. म्हणजे प्रेक्षक असणं हेच परदेशप्रवास अडवण्याचं कारण झालं!

पण इथे एक घोळ आहे. गरीब घरातला तरुण म्हणजे दंगेखोर, असं सरळ समीकरण मांडलं तर त्याच थरातले, तेवढीच बिअर प्यायलेले स्कॉटलंडचे प्रेक्षक का भांडत नाहीत? ते 'टार्टन आर्मी' म्हणून ओळखले जातात. चौकड्यांचे किल्ट घालून, बॅगपाइप वाजवत गावभर फिरतात, टीम हरली तरी यजमानांच्या गळ्यात गळे घालतात. डेन्मार्कच्या प्रेक्षकांनी तर १९८० च्या दशकात स्वतःला 'रोलिगन' हे नाव घेतलं. डॅनिश भाषेत 'रोलिग' म्हणजे शांत. हूलिगनच्या उलटे ते रोलिगन. जपानचे प्रेक्षक १९९८ पासून मॅच संपल्यावर स्टेडियममधला कचरा स्वतः उचलून जातात. (आमच्या टीव्ही रूममध्ये त्यांना एकदा बोलवायला हवं!)

याचं उत्तर क्लिफर्ड स्टॉट या मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासात सापडलं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ च्या फ्रान्स वर्ल्ड कपमध्ये इंग्लिश आणि स्कॉटिश प्रेक्षकांची तुलना केली. स्कॉटिश माणूस परदेशात पाऊल ठेवतो तेव्हा त्याला एकच सिद्ध करायचं असतं, "आम्ही इंग्लिश नाही." भांडण न करणं हीच त्याची ओळख. त्याच्यातलाच कोणी भांडायला लागला तर बाकीचे त्याला आवरतात. इंग्लिश माणसाचं उलट. मार्सेयमध्ये साधेसुधे प्रेक्षकही आले होते. पण पोलिसांच्या आणि गावातल्या पोरांच्या लेखी सगळे इंग्लिश सारखेच. सगळ्यांवर एकसारखे अश्रुधूर आणि लाठ्या पडल्या, तेव्हा काल जे एकमेकांना ओळखत नव्हते ते आज "आपण" झाले आणि उलटून उभे राहिले.

मग २००४ च्या पोर्तुगालमधल्या युरो स्पर्धेत मॅचच्या शहरांमध्ये पोलिसांनी पद्धत बदलली. हेल्मेट-ढाली आडबाजूला ठेवून साध्या गणवेशात, गप्पा मारत, चूक करेल त्यालाच पकडायचं असं धोरण ठेवलं. तिथे इंग्लिश प्रेक्षक मोठ्या संख्येने असूनही गडबड फारच कमी झाली. जिथे जुनीच पद्धत होती त्या अल्बुफेरा गावात मात्र दंगा झाला. देश तोच, प्रेक्षक तेच!

म्हणजे मित्रहो, परदेशातल्या प्रेक्षकाची ओळख तो बॅगेत भरून नेत नाही. निम्मी तो नेतो, निम्मी तिथले लोक त्याच्याशी कसे वागतात त्यावर ठरते. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

कोल्हापूरचा रूममेट

हे सगळं मी माझ्या रूममेटला ऐकवलं तर तो म्हणाला, "यात नवीन काय सांगालायस?" तो कोल्हापूरचा! महाराष्ट्रात फुटबॉलसाठी जीव टाकणारं शहर कुठलं म्हणाल तर कोल्हापूर. तिथे टीमचं नाव म्हणजे तालमीचं नाव. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्पर्धा भरवते आणि शाहू स्टेडियमवर हजारोंनी गर्दी होते. तिथे टीम निवडायची नसते, ज्या पेठेत जन्म घेतला ती टीम. हुल्लडबाजीमुळे मॅच थांबवायची वेळही तिथे आलेली आहे. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप झाला, त्या भारतीय टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

आणि हेच कोल्हापूर वर्ल्ड कप आला की चक्क ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटलं जातं. गल्लीत झेंडे, चौकात कटआउट, पैजा. रूममेटचं म्हणणं, तालीम जन्माने मिळते पण ब्राझील आपण निवडतो, म्हणून त्याची मजा वेगळी. मला हे फार पटलं. ज्याला पेठ, गाव, जात, आडनाव सगळं न विचारता चिकटलेलं आहे, त्याला एक तरी ओळख स्वतःच्या हाताने निवडायची इच्छा असते. दीडशे रुपयांच्या टी-शर्टमध्ये ती मिळते.

आपली माणसं तिकडे गेली तेव्हा

आता खरा मुद्दा. भारताची टीम वर्ल्ड कपला जात नाही, मग परदेशातल्या स्टेडियममध्ये भारतीय प्रेक्षक असतो कोण? कलकत्त्याचे पन्नालाल आणि चैताली चॅटर्जी हे जोडपं १९८२ पासून २०१८ पर्यंत पैसे साठवून दर वर्ल्ड कपला गेलं. पण असे लोक थोडे. बहुसंख्य असतात ते आधीच तिथे "जगायला" गेलेले.

घरातली परिस्थिती आधी बघा. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताची चायनीज तैपेईशी मॅच होती. सुनील छेत्रीने हॅटट्रिक मारली. प्रेक्षक किती? २,५६९. पुढे छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला की आम्हाला शिव्या द्या, पण स्टेडियमवर या. तेव्हा कुठे पुढच्या मॅचची तिकिटं संपली. आणि परदेशात? जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई कप झाला. भारत तिन्ही मॅच हरला, एक गोलसुद्धा झाला नाही, तरी स्टँड निळे दिसत होते. केरळचे, तमिळनाडूचे, आंध्रचे, बंगालचे, आपलेही. गावाकडे ज्यांनी भारताची एकही मॅच स्टेडियमवर पाहिली नसेल ते दोह्यात तिरंगा घेऊन बसले. लांब गेल्यावर पाटी मोठी होते म्हटलं ना, ती अशी. तिथे त्या पाटीचा अभिमानही वाटतो.

पण पाटीची किंमतही मोजावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये अमिरातीत आशियाई कप होता आणि १० तारखेला भारताची मॅच यजमानांशी होती. त्याआधी एक व्हिडिओ पसरला. एका स्थानिक माणसाने काही आशियाई मजुरांना पक्ष्यांच्या पिंजऱ्यात कोंडलं होतं आणि हातात काठी घेऊन विचारत होता, तुम्ही कुणाच्या बाजूने? भारत म्हटलं की, नाही, असं चालणार नाही. शेवटी यूएई म्हणाले तेव्हा त्यांना बाहेर काढलं. सरकारी वकिलांनी त्याला अटक करायला लावली. त्याने ती गंमत होती, ते माझेच कामगार आहेत, असं सांगितलं. गंमत! मी तो व्हिडिओ पुरा बघू शकलो नाही. वीटभट्टीवर उचल घेतलेल्या माणसाला मालकासमोर कसं हसावं लागतं ते मी लहानपणी पाहिलंय. ते मजूर तसंच हसत होते.

कतारमधला "खोटा" प्रेक्षक

नोव्हेंबर २०२२. वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आधी दोह्यात इंग्लंड, अर्जेंटिना, ब्राझीलच्या टी-शर्टमधल्या लोकांनी ढोल वाजवत मिरवणुका काढल्या. चेहरे बहुतेक दक्षिण भारतीय, त्यात केरळचे बरेच. लगेच ओरड झाली की हे खोटे प्रेक्षक आहेत, कतारने पैसे देऊन उभे केलेत. आयोजकांनी इन्कार केला. त्या लोकांनीही सांगितलं की आम्ही वर्षानुवर्षं याच टीमचे आहोत. ज्यांनी केरळ बघितलंय त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. त्याच दिवसांत कोझिकोड जिल्ह्यात पुल्लावूर गावच्या नदीपात्रात मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे ताडामाडाएवढे कटआउट उभे होते! फिफाचे अध्यक्ष इन्फँटिनो यांनी १९ नोव्हेंबरच्या पत्रकार परिषदेत असं विचारलं की भारतीय दिसणारा माणूस इंग्लंडच्या बाजूने ओरडू शकत नाही का, हा सरळ वर्णद्वेष आहे. इन्फँटिनोंचं बाकीचं बरंच बोलणं मला पटत नाही, पण हा प्रश्न बरोबर होता.

गंमत अशी की खर्च कतारने उचलला होता तो वेगळ्याच लोकांचा. युरोपासह अनेक देशांतल्या निवडक चाहत्यांना आयोजकांनी विमान आणि हॉटेल देऊन नेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र कुणाला शंका आली नाही. पाहुणचार घेऊन आला तो खरा, आणि पगारातून तिकीट काढलं तो खोटा!

सिव्हिलवाल्यांनी या वर्ल्ड कपचा अभ्यास वेगळ्या अर्थाने केलेला असतो. स्टेडियम ९७४ आपण सेमिनारमध्ये दाखवतो. ९७४ शिपिंग कंटेनर वापरून बांधलेलं, नंतर उकलता येणारं, आणि ९७४ हाच कतारचा टेलिफोन कोड. स्लाइडवर स्टीलची फ्रेम असते, नट-बोल्ट जोडणारा नसतो. कतारमध्ये राहणाऱ्यांत कतारी नागरिक आठ-नऊ माणसांमागे एखादा, बाकी सगळे बाहेरून आलेले, आणि त्यात भारतीय सात लाखांच्या आसपास. स्टेडियम त्यांनी बांधलं, मेट्रो त्यांनी बांधली. मॅच बघण्यासाठी मजुरांकरता शहराबाहेर औद्योगिक भागात, एशियन टाऊनच्या क्रिकेट मैदानावर, मोठा पडदा लावला होता. दोह्यातला मुख्य फॅन फेस्टिव्हल समुद्राकाठी, हा इकडे.

तिकिटांचा तक्ताही बोलका आहे. कतारच्या रहिवाशांसाठी साखळी मॅचचं स्वस्तातलं तिकीट ४० रियाल, म्हणजे तेव्हाचे सुमारे ९०० रुपये. बाहेरून येणाऱ्याला पहिल्या वर्गाचं तिकीट ८०० रियाल, आणि फायनलचं ५,८५०. म्हणजे ज्या टी-शर्टमधले दोन प्रेक्षक टीव्हीवर शेजारी दिसतात, त्यांच्यात कित्येक पगारांचं अंतर असू शकतं. इंग्लंडचा १९८० चा प्रेक्षक फेरीबोट आणि रेल्वेने जाणारा कामगार होता. आजच्या वर्ल्ड कपला लांबून येणारा बहुधा क्रेडिट कार्डवाला असतो, आणि कामगार असेल तर तो प्रवासी म्हणून आलेला नसतो, मजूर म्हणून आधीच तिथे असतो.

गेट कुणासाठी उघडतं

पैशाएवढाच मोठा दुसरा अडसर पासपोर्टचा. २०२६ चा वर्ल्ड कप अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोला मिळाला, ४८ टीमचा. पण जून २०२५ मध्ये अमेरिकेने बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी जाहीर केली. त्यात इराण आणि हैती होते आणि दोन्ही देश स्पर्धेसाठी पात्र ठरले. खेळाडूंना सूट, साध्या प्रेक्षकाला नाही. म्हणजे टीम येऊ शकते, टीमचा माणूस नाही.

इराणवरून आठवलं. तिथे कित्येक वर्षं बायकांना पुरुषांच्या फुटबॉल मॅचला स्टेडियममध्ये जाताच येत नव्हतं. म्हणून त्या परदेशात जाऊन स्वतःच्या देशाची मॅच बघत, रशियात २०१८ मध्ये दिसल्या तशा. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये कंबोडियाविरुद्धच्या मॅचला त्यांना तिकिटं मिळाली. काही जणांना परदेशात ओळख लपवावी लागते, तर काहींना ती तिथेच उघडपणे मिरवता येते. हे लिहिताना आमच्या वर्गातल्या मुलींनी सुनावलं की त्या फायनलला गर्ल्स हॉस्टेलचं गेट बंद होतं आणि त्यांनी पेनल्टी मोबाइलवर, अडखळत्या नेटवर बघितल्या. तेव्हा इराणला हसण्याआधी जरा थांबावं!

तर संबंध काय?

आता त्या सिनियरला उत्तर. तो केव्हाच पासआउट झाला. मागे फोनवर बोलणं झालं, आखातातच साइट इंजिनियर आहे. मी विचारलं, मॅच बघायला जातोस का? म्हणाला, "जातो ना, लेबर कॅम्पमधली पोरं आणि मी एकत्रच जातो. गेटवर कुणी विचारत नाही तू इंजिनियर का मजूर, सगळे इंडियनच." थोडं थांबून म्हणाला, "पण अर्जेंटिनाचा टी-शर्ट घातला की विचारतात, तू कशाला?"

मी काही बोललो नाही. त्याला ती फायनलची रात्र आठवत नसावी.

संबंध म्हणजे काय असतो शेवटी? स्कॉटिश माणसाचा संबंध असतो "आम्ही इंग्लिश नाही" हे दाखवण्याशी. कोल्हापूरकराचा पेठेशी. दोह्यातल्या मल्याळी वेल्डरचा त्या एका संध्याकाळशी, जेव्हा हेल्मेट काढून ठेवून तो नंबर आणि बॅचच्या ऐवजी स्वतः निवडलेल्या रंगात रस्त्यावर येतो. आणि माझा? मी अशा गावाचा आहे ज्याची ओळख दुसऱ्यांनी लिहिली. त्या रात्री दाराला टेकून मी पहिल्यांदा मला हवा त्या नावाने ओरडलो. एवढाच संबंध. तो सिद्ध करायला अर्जेंटिनात जन्म घ्यावा लागत नाही आणि तिकडे जावंही लागत नाही.

दरवर्षी हॉस्टेलमध्ये नवी बॅच येते. कोणी मोखाड्याचा, कोणी गडचिरोलीचा, कोणी सांगोल्याचा. कुणीतरी दाराला टेकून उभा राहील आणि चुकीच्या वेळी मोठ्याने ओरडेल. त्याला संबंध विचारू नका. जरा सरकून बसायला जागा द्या. स्टॉटचं सगळं संशोधन शेवटी एवढंच सांगतं की आपण समोरच्याला जसं वागवतो, बऱ्याच अंशी तसा तो होतो.

आणि हो, त्या टी-शर्टचा रंग दुसऱ्याच धुण्यात गेला. पण तो मी अजून टाकलेला नाही.

(अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)